कल्याणमित्रता आणि लैंगिक अल्पसंख्य समाज
मुंबईतील साहाय्य संस्था व कलापथके यांच्या कार्याचा धम्मदृष्ट्या परिचय

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तास परंपरेने ‘गिहिविनय’ म्हणजे गृहस्थांचा विनय असे म्हटले जाते. राजगृह येथील वेळुवनात विहार करीत असताना तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्रास हा उपदेश केला. दिशांना नमस्कार घालणाऱ्या या तरुणास त्यांनी दिशांचा अर्थच पालटून दाखविला. आई-वडील, आचार्य, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण या सहा दिशा होत आणि त्यांच्याविषयीची कर्तव्ये पार पाडणे हीच त्यांची पूजा होय, असे त्यांनी सांगितले. याच सुत्तात खऱ्या मित्राचे चार प्रकार आले आहेत: उपकारक, समानसुखदुक्ख, अत्थक्खायी आणि अनुकम्पक. प्रस्तुत लेखात या चार प्रकारांच्या साहाय्याने आपल्या शहरातील एका उपेक्षित समाजासाठी चाललेल्या कार्याचा परिचय करून द्यावयाचा आहे. हा समाज म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि आंतरलिंगी व्यक्तींचा समाज होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘एलजीबीटीक्यू’ म्हणण्याचा प्रघात आहे.

हा विषय धम्माच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही उपासकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. अशा व्यक्ती आपल्याच घरांत जन्माला येतात. चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी असो वा अन्य कोणतीही वस्ती, पौर्णिमेच्या वंदनेस बसलेल्या मुलांमुलींत त्या असतातच. त्यांच्या वाट्याला बहुधा मौन, मारहाण, घराबाहेर काढले जाणे किंवा बळजबरीचा विवाह येतो. तेव्हा प्रश्न दूरच्या कोणाचा नसून आपल्या गिहिविनयाचा आहे.

पालि वाङ्मय काय सांगते?

प्रथम धर्मग्रंथांतील स्थिती पाहू. येथे अर्धवट माहितीच्या आधारे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती केली जाते. कोणी म्हणतो, बुद्धांनी या लोकांना संघाची दारे बंद केली. कोणी म्हणतो, बौद्ध धम्मात या बाबतीत कधीच भेद नव्हता. दोन्ही विधाने अपुरी आहेत.

महावग्गातील महाखन्धकात ‘पण्डक’ आणि ‘उभतोब्यञ्जनक’ यांना उपसंपदा देऊ नये, असा नियम आहे हे खरे. उभतोब्यञ्जनक म्हणजे ज्याच्या ठिकाणी दोन्ही लिंगांची चिन्हे आहेत अशी व्यक्ती. आजच्या भाषेत तिला आंतरलिंगी म्हणता येईल. पण्डक हा शब्द मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. समन्तपासादिका या विनय-अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी त्याचे पाच प्रकार सांगितले असून, त्यांपैकी आसित्तपण्डक आणि उसूयपण्डक यांना प्रव्रज्या निषिद्ध नाही, असेही नमूद केले आहे. म्हणजे ‘पण्डक’ याचे भाषांतर सरसकट ‘समलिंगी’ किंवा ‘तृतीयपंथी’ असे करणे पालिच्या अभ्यासकास मान्य होण्यासारखे नाही.

दुसरे असे की, विनयाचा प्रत्येक नियम एका विशिष्ट प्रसंगातून निर्माण झालेला आहे. पण्डकाविषयीच्या नियमाच्या निदानकथेत एका प्रव्रजिताच्या वर्तनामुळे संघाविषयी लोकापवाद उठल्याचे सांगितले आहे. नियम आला तो संघाच्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी. त्याच खन्धकात ऋणको, राजाच्या सेवेतील सैनिक, काही विशिष्ट रोगांनी ग्रस्त व्यक्ती आणि आई-वडिलांची अनुमती नसलेला मुलगा यांनाही प्रव्रज्या देऊ नये, असे म्हटले आहे. म्हणून कर्जबाजारी मनुष्य तिरस्करणीय ठरतो काय? भिक्षुसंघाच्या प्रवेशाचा नियम हा गृहस्थाच्या योग्यायोग्यतेचा निवाडा नव्हे.

तिसरी बाब फारशी सांगितली जात नाही. पाराजिकपाळीतील पहिल्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत एका भिक्षूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाल्याचे आणि एका भिक्षुणीच्या ठिकाणी पुरुषलिंग प्रकट झाल्याचे असे दोन प्रसंग आहेत. भगवंतांपुढे प्रश्न आला तेव्हा त्यांनी त्यांपैकी कोणासही संघाबाहेर काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तेच वर्षावास कायम ठेवून त्या भिक्षूने भिक्षुणीसंघात व भिक्षुणीने भिक्षुसंघात राहावे, असा निर्णय दिला. लिंग पालटले तरी त्या व्यक्तीची साधना व ज्येष्ठता नष्ट होत नाही, हे विनयाने स्वीकारले आहे.

धम्मपद-अट्ठकथेतील सोरेय्य थेरांची कथा अनेक उपासकांना ठाऊक असेल. सोरेय्य नगरीतील श्रेष्ठिपुत्र महाकच्चान थेरांना पाहून मनात अनुचित विचार आणतो आणि स्त्री होतो. पुढे तो तक्षशिलेस जातो, तेथे त्याचा विवाह होतो. पिता म्हणून दोन आणि माता म्हणून दोन अशी त्यास चार अपत्ये होतात. अखेरीस थेरांची क्षमा मागून तो पुन्हा पुरुष होतो, प्रव्रज्या घेतो आणि अर्हत्पदास पोहोचतो. कथा चमत्काराची आहे आणि तिची चौकट अट्ठकथाकारांच्या काळाची आहे. तरीही लोक त्या थेरांना प्रश्न विचारतात तो एवढाच की, कोणत्या अपत्यांवर माया अधिक आहे. त्यांच्या पूर्वायुष्यामुळे संघाने त्यांना दूर लोटले, असे कथेत कोठेही नाही.

राहिला प्रश्न गृहस्थांच्या शीलाचा. पंचशीलातील तिसरे शील कामविषयक मिथ्याचारापासून विरत राहण्याचे आहे. मज्झिमनिकायातील सालेय्यक सुत्तात या मिथ्याचाराचा विस्तार येतो. तेथे आई-वडिलांच्या वा अन्य कोणाच्या संरक्षणाखाली असलेल्या, पती असलेल्या अथवा वाग्दत्त अशा स्त्रियांशी संबंध ठेवू नये, असे सांगितले आहे. म्हणजे कसोटी आहे ती दुसऱ्याची फसवणूक, बळजबरी आणि विश्वासघात यांची. त्या सूचीत समलिंगी प्रेमाचा उल्लेख नाही. उलट, समलिंगी मुलाचे सत्य दडवून त्याचा विवाह एखाद्या अजाण मुलीशी लावून दिल्यास मात्र या शीलाचे मर्म नक्कीच भंगते. कारण त्यात एकाच वेळी दोन आयुष्यांची फसवणूक होते आणि ती मुलगीही आपल्याच समाजातील कोणाची तरी लेक असते.

काहीजण हे सारे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानतात. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात भगवंतांनी सर्व वेदना पूर्वकर्मातूनच येतात हे मत नाकारले असून पित्त, कफ, वात, ऋतुबदल इत्यादी प्रत्यक्ष कारणे दाखविली आहेत. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत फेटाळला, कारण तो सिद्धांत पीडितासच अपराधी ठरवितो. ज्या तर्काने अस्पृश्यतेचे समर्थन केले गेले, तोच तर्क आपण आपल्या मुलांना लावणे कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावा.

उपकारक मित्र

सिगालोवाद सुत्तातील उपकारक मित्र बेसावधाचे रक्षण करतो आणि भयभीताचा आश्रय होतो. मुंबईत या प्रकारचे संघटित कार्य १९९० च्या दशकात उभे राहिले. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे १९९४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. एड्सच्या साथीचा तो काळ होता. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी रुग्णालयाच्या पायरीवर जाण्यास धजत नव्हते. महापालिकेच्या वाकोला, सांताक्रुझ (पूर्व) येथील इमारतीत या संस्थेस जागा मिळाली. तेथे कोणीही येऊन बसावे, बोलावे, तपासणी व औषधोपचाराची माहिती घ्यावी, अशी सोय झाली. स्त्रियांसाठी १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला. तो पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गौरी सावंत यांच्या ‘सखी चारचौघी’ या संस्थेने २००० पासून तृतीयपंथी समाजात आरोग्य व आश्रयाचे काम केले.

कायद्याच्या भीतीचाही येथे विचार केला पाहिजे. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ हे १८६० च्या वसाहतकालीन कायद्यातून आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी संमतीने झालेले प्रौढांचे संबंध त्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात ते संबंध अंतिमतः गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. दिल्लीच्या आणि २०१८ च्या निकालांचा एक आधारस्तंभ म्हणजे ‘संवैधानिक नैतिकता’ ही संकल्पना. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतील भाषणात तिचे विवेचन केले होते. तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने मान्य झाली. गौरी सावंत त्या प्रकरणातील याचिकाकर्त्यांपैकी एक होत्या. समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

समानसुखदुक्ख मित्र

हा मित्र गुपित राखतो आणि संकटात साथ सोडत नाही. ज्या तरुणास आपल्या मनातील गोष्ट घरात सांगता येत नाही, त्यास सर्वांत आधी गुपित राखणारा कान हवा असतो. समुपदेशन, दूरध्वनी साहाय्य आणि आधारगट यांचे महत्त्व येथे आहे. चेंबूरच्या वाचकांनी लक्षात घ्यावे की, या संदर्भातील एक महत्त्वाची संस्था त्यांच्या दाराशीच आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मध्ये स्थापन झाली आणि १९५४ मध्ये देवनारला आली. या संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही मानसिक साहाय्याची दूरध्वनी सेवा सुरू केली. २०१७ मध्ये याच संस्थेत लिंगनिरपेक्ष वसतिगृहाची सोय झाली. आपल्या समाजातील कितीतरी विद्यार्थी या संस्थेत शिकले आहेत.

आई-वडिलांचाही एक गट मुंबईत आहे. ‘स्वीकार’ हा पालकांचा गट २०१७ मध्ये सुरू झाला. आपल्या मुलाविषयी कळल्यानंतर प्रथम धक्का बसलेल्या पालकांशी त्याच अनुभवातून गेलेले पालक बोलतात. अशा वेळी दुसऱ्या आईचे दोन शब्द जे काम करतात, ते तज्ज्ञाच्या व्याख्यानाने होत नाही.

अत्थक्खायी मित्र

हिताचे सांगणारा मित्र पापापासून परावृत्त करतो आणि जे ऐकलेले नाही ते ऐकवितो. या विषयात अज्ञान फार आहे. मुलगा ‘असा’ आहे असे कळताच त्यास मांत्रिकाकडे नेले जाते किंवा ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार हे वैद्यकीय व्यवसायातील गैरवर्तन ठरविले. म्हणजे जो आजारच नाही, त्यावर उपचार करणारा डॉक्टरही दोषी ठरतो, मग मांत्रिकाचे काय बोलावे!

न ऐकलेले ऐकविण्याचे काम मराठीत करणाऱ्यांत पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ यांसारखी मराठी पुस्तके लिहिली. त्याहीपूर्वी हे काम र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातून केले. हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, चालले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी वृत्तीचाही विषय होता. कर्व्यांचे वकील म्हणून न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटल्यात कर्व्यांना दंड झाला. परंतु लोकनिंदेच्या विषयावरही ज्ञानाच्या बाजूने उभे राहावे, हा धडा बाबासाहेबांनी आपल्यासाठी घालून दिला. या खटल्यावर आधारित, अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आले.

अनुकम्पक मित्र

चौथा मित्र आपल्या मित्राच्या अवनतीने आनंदित होत नाही, आणि कोणी त्याची निंदा करू लागल्यास त्यास थांबवितो. हे निंदेचे निवारण करण्याचे काम कलेइतके प्रभावीपणे दुसरे कोणी करीत नाही.

मराठी लोककलेत स्त्रैण पुरुष होताच, पण तो ‘नाच्या’ म्हणून, हशासाठी. नाच्याची भूमिका करणाऱ्यास व्यासपीठावर टाळ्या आणि रस्त्यावर हेटाळणी मिळे. आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटात हीच शोकांतिका आली आहे. नाट्यक्षेत्रात विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात १९८१ मध्ये एका समलिंगी तरुणीस केंद्रस्थानी आणले. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात हा विषय आईच्या बाजूने मांडला गेला.

मात्र यातील बराच भाग इतरांनी त्यांच्याविषयी बोलण्याचा होता. पुढील काळात ते स्वतः बोलू लागले. श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये मुंबईत ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव सुरू केला. अभिना आहेर यांच्या ‘डान्सिंग क्वीन्स’ या नृत्यपथकात तृतीयपंथी कलावंत नाचतात, पण ते टाळी वाजवून पैसे मागण्यासाठी नव्हे, तर रंगमंचावर कलावंत म्हणून. ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ हा समूहगायनाचा वृंद आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत आले.

आंबेडकरी वाचकांस हा प्रवास अपरिचित वाटू नये. १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तो मुक्यांना वाणी मिळावी म्हणून. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभारले. तमाशाचा तोच फड, तेच वाद्य, पण हशाचे पात्र असलेला मनुष्य तेथे आपल्या हक्काची गोष्ट सांगू लागला. कला ही ज्याची चेष्टा होते त्याच्या हाती आली की तिचा अर्थ पालटतो, हे आपण आपल्या चळवळीतून शिकलो आहोत. या कलापथकांनी तेच केले आहे.

जातीचा प्रश्न

या कार्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. यातील बरेच व्यवहार दीर्घकाळ इंग्रजी भाषेत आणि सुखवस्तू वर्गात चालले. ‘बॉम्बे दोस्त’ प्रामुख्याने इंग्रजीत निघत असे. कॉलनीतील मुलास लिंगाची लाज घरात आणि जातीची लाज त्या मेळाव्यात, अशी दुहेरी अडचण होते. हा प्रश्न दलित कार्यकर्त्यांनीच पुढे आणला. दिल्लीच्या २०१५ च्या अभिमान यात्रेत काही तरुणांनी आपण दलित आणि समलिंगी दोन्ही आहोत, असे जाहीरपणे सांगितले. तमिळनाडूत ग्रेस बानू यांनी पारलिंगी व्यक्तींसाठी समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली. महाराष्ट्रात कवयित्री दिशा पिंकी शेख या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. जात आणि लिंग या दोन्ही उतरंडी जन्मावरून माणसाची किंमत ठरवितात. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी दाखवून दिले की वृक्ष, कीटक, पशु, पक्षी यांच्यात जातीची भिन्न चिन्हे असतात, परंतु माणसामाणसांत तशी चिन्हे नसतात. माणसांतील भेद हे केवळ व्यवहारातील नामे आहेत. हा विचार एका उतरंडीस लावावा आणि दुसरीस लावू नये, यास आधार नाही.

विहाराचे कर्तव्य

बौद्ध जगतात अन्यत्र हा विचार पुढे गेला आहे. तैवानमध्ये भिक्षुणी चाओ-ह्वेई यांनी २०१२ मध्ये दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध पद्धतीने लावला. पुढे २०१९ मध्ये त्या देशात समलिंगी विवाहाचा कायदा झाला. थायलंडमध्ये असा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. नेपाळमध्ये ‘ब्लू डायमंड सोसायटी’चे संस्थापक सुनील बाबू पंत पुढे बौद्ध भिक्षू झाले.

आपल्याकडे विहारांनी काय करावे? मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. सांताक्रुझ–चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये खुला झाल्यापासून वाकोला काही दूर राहिलेले नाही. अंतर आहे ते मनाचे. विहाराच्या फलकावर विवाहमंडळ, शिष्यवृत्ती आणि आरोग्य शिबिरे यांच्या सूचनांबरोबर समुपदेशन सेवेचा दूरध्वनी क्रमांकही लावता येईल. धम्मवर्गात तिसऱ्या शीलाचे विवेचन करताना बळजबरीच्या विवाहाचा विषय घेता येईल. विवाह जुळविणाऱ्या ज्येष्ठ उपासकांनी ‘मुलाची इच्छा आहे ना’ हे मुलास एकटे बसवून विचारावे आणि नकार मिळाल्यास कारण उकरून काढण्याचा आग्रह धरू नये. सिगालोवाद सुत्तात अपत्यांना योग्य जोडीदार मिळवून देणे हे आई-वडिलांचे कर्तव्य सांगितले आहे. त्यात ‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जयंतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात तृतीयपंथी कलावंतांस अन्य कलावंतांप्रमाणे मानधन व सन्मानपूर्वक आमंत्रण द्यावे. घराबाहेर काढलेला मुलगा रात्री विहाराच्या दाराशी आला, तर त्यास प्रथम जेवण द्यावे, प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारावेत.

सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्रांपूर्वी खोट्या मित्रांचीही लक्षणे दिली आहेत. त्यांत एक ‘वचीपरम’ आहे. तो केवळ बोलण्यात पुढे असतो, प्रत्यक्ष गरज पडली की आपली अडचण सांगतो. सर्व सत्त्वे सुखी होवोत, अशी मैत्रीभावना आपण दर पौर्णिमेस करतो. त्या भावनेतून आपल्याच घरातील मूल वगळले जात असेल, तर आपली गणना वचीपरमांत होईल. संघाचे पूज्य भिक्खू, विहारांचे पदाधिकारी आणि विशेषतः महिला मंडळे यांनी या वर्षावासातील एक प्रवचन या विषयासाठी ठेवावे, अशी विनंती आहे.